रुग्णाची सेवा आणि सेवा करणाऱ्याची झोप




शाळेच्या पत्रिकेत आम्ही बहुधा अभ्यास, परीक्षा, शिस्त आणि मुलांचा आहार या विषयांवर लिहितो. या अंकातला विषय थोडा वेगळा वाटेल, पण तो शाळेबाहेरचा नाही. एखादा विद्यार्थी पहिल्याच तासाला पेंगतो, असे वर्गशिक्षक पालक-शिक्षक बैठकीत सांगतात, तेव्हा पुष्कळदा कारण निघते ते मोबाईलचे. काही घरांतून मात्र वेगळे उत्तर येते. "आजी रात्री तीन-चारदा उठतात. मग घरात कोणाचीच झोप होत नाही." आम्ही विचारतो, "आणि तुमची झोप?" त्यावर आई हसून म्हणते, "माझं काय, मी करते मॅनेज."

हा लेख या 'मी करते मॅनेज'विषयी आहे. आपल्या समाजात घरच्या माणसाची सेवा हे कर्तव्य मानले जाते, आणि ते योग्यच आहे. पण सेवा करणाऱ्याचे शरीरही हाडामांसाचेच असते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. त्याची झोप महिनोन्‌महिने मोडत राहिली तर काय होते आणि घरातल्या सर्वांनी मिळून काय करता येते, हे येथे सोप्या शब्दांत मांडत आहोत.

आपल्या घरांतले आजचे चित्र

इंदूरच्या रामबाग, नारायण बाग किंवा राजवाड्याजवळच्या जुन्या वाड्यांत एकेकाळी एका छताखाली दहा-बारा माणसे असत. कोणी आजारी पडले तर आत्या, काकू, मोठी वहिनी अशी रात्रीची पाळी आपोआप लागत असे. आता फ्लॅटमध्ये तीन-चार माणसे असतात. एक मुलगा पुण्याला, दुसरा बंगळुरूला, मुलगी अमेरिकेत. आजार पूर्वीपेक्षा लांबतात, कारण औषधोपचारांमुळे माणसे अधिक जगतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण पक्षाघात, स्मृतिभ्रंश, पार्किन्सन, हृदयाची दुर्बलता, कॅन्सर असे आजार वर्षानुवर्षे घरात सांभाळावे लागतात, आणि ते सांभाळणारे हात मात्र कमी झाले आहेत.

भारतातील ६० वर्षांवरील लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात मांडला आहे. यांतील बहुतेक सर्वांची काळजी घरचीच माणसे घेतात. भारत सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीनुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरच्या माणसांची विनावेतन काळजी घेण्यात सहभागी होत्या, तर पुरुष २१.४ टक्के. अशी काळजी घेणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ सुमारे १४० मिनिटे भरला, पुरुषांचा ७४ मिनिटे. यात मुलांचे संगोपनही धरलेले आहे. तरी भार कोणाकडे झुकलेला आहे, हे स्पष्ट दिसते.

झोप म्हणजे नुसते पडून राहणे नव्हे

मराठीत झोप 'लागते', 'चाळवते', 'मोडते' आणि 'उडते'. आपल्या पूर्वजांनी हे शब्द अनुभवातून घडवले, आणि शास्त्राने पुढे दाखवले की या खरोखरच वेगवेगळ्या अवस्था आहेत.

निरोगी माणसाची रात्र साधारण ९० मिनिटांच्या चार ते सहा फेऱ्यांची असते. प्रत्येक फेरीत आधी हलकी झोप, मग गाढ झोप आणि शेवटी स्वप्नांची झोप येते. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पूर्वार्धात असतो. शरीराची दुरुस्ती आणि वाढीच्या संप्रेरकाचा मोठा स्राव याच काळात होतो. स्वप्नांची झोप उत्तरार्धात, विशेषतः पहाटेकडे वाढते. आठवणी पक्क्या होणे आणि भावनांचा समतोल राखणे यांत तिचा वाटा मोठा आहे.

झोप आणणाऱ्या दोन शक्ती आहेत. पहिली म्हणजे साचत जाणारा झोपेचा दाब. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि डोळे जड होतात. झोपेत ते कमी होते. चहा-कॉफीतले कॅफिन या द्रव्याचे काम काही काळ अडवते. म्हणजे चहा प्यायल्याने थकवा जात नाही, तो फक्त जाणवेनासा होतो. दुसरी शक्ती म्हणजे शरीरातील घड्याळ. ते सूर्यप्रकाशावर जुळते आणि सुमारे २४ तासांचे चक्र चालवते. हे घड्याळ पेशीच्या आत कसे चालते, याच्या शोधासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

रात्री दोन वाजता उठून रुग्णाला शौचाला नेणारी व्यक्ती या दोन्ही शक्तींच्या विरुद्ध काम करत असते. पहाटेच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत कमी असते आणि लक्षही सर्वांत मंद असते. शिवाय गाढ झोपेतून एकदम उठल्यावर पंधरा मिनिटे ते अर्धा तास मेंदू पूर्ण जागा होत नाही. याच अर्धवट जागेपणात औषधाची बाटली बदलते, रुग्णाला उचलताना पाय घसरतो, गॅस चालू राहतो.

तुटलेली झोप आणि 'कान राखून' झोपणे

"आम्ही दहाला आडवे होतो, सहाला उठतो, म्हणजे आठ तास झाले," असे कोणी म्हणेल. पण त्यात चार वेळा उठणे झाले आणि प्रत्येक वेळी पुन्हा डोळा लागायला वीस-पंचवीस मिनिटे लागली, तर आठाचे सहा तास होतात. इतकेच नव्हे, प्रत्येक वेळी फेरी मध्येच मोडते आणि झोप पुन्हा हलक्या अवस्थेपासून सुरू होते. सहा तासांची सलग झोप आणि सहा तासांची तुकड्यांची झोप या सारख्या नाहीत.

यापेक्षा एक सूक्ष्म गोष्ट आहे. ज्या रात्री रुग्ण एकदाही हाक मारत नाही, त्या रात्रीही सेवा करणाऱ्याची झोप पूर्ण होत नाही. कारण त्याने कान राखलेले असतात. झोपेतही मेंदू ओळखीचे आवाज वेगळे काढतो. रस्त्यावरून ट्रक गेला तरी न उठणारी आई बाळ कुरकुरताच उठते, हे आपण जाणतोच. आजारी माणसाच्या खोकल्याकडे, पलंगाच्या आवाजाकडे असेच लक्ष लागलेले असते आणि झोप सतत चाळवत राहते. म्हणून अशी व्यक्ती सकाळी म्हणते, "रात्री काही झालं नाही, तरी अंग मोडून आलंय." हे नाटक नाही की आळस नाही.

शरीराला याची किंमत किती पडते

प्रौढ माणसाला रात्री किमान ७ तास झोप हवी, असे अमेरिकेतील झोपेच्या तज्ज्ञांच्या दोन संस्थांनी २०१५ साली एकत्रितपणे सांगितले. मुलांसाठी २०१६ साली दिलेला सल्ला असा: ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास.

त्याहून कमी झोपेने काय होते? २००३ साली पेनसिल्वेनिया विद्यापीठातील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी प्रौढांना १४ दिवस रोज फक्त ४, ६ किंवा ८ तास झोपू दिले. रोज ६ तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांचे लक्ष आणि स्मरण दिवसेंदिवस घसरत गेले. शेवटी ही घसरण एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी झाली. आणखी महत्त्वाचे म्हणजे, त्या लोकांना स्वतःला मात्र आपण तेवढे थकलो आहोत असे वाटत नव्हते. 'मला सवय झाली आहे' असे म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यावे. सवय थकव्याच्या जाणिवेला होते, थकलेल्या मेंदूच्या कामात मात्र सुधारणा होत नाही.

१९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले की सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची कामाची क्षमता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते. आपल्या मोटार वाहन कायद्यात चालकासाठी मर्यादा आहे ०.०३ टक्के. पहाटे तीनला उठलेली व्यक्ती रात्री आठला मुलाला शिकवणीहून स्कूटरवर आणते, तेव्हा तिने काही प्यायलेले नसते, पण तिचे हात आणि डोळे त्या मर्यादेपलीकडे गेलेले असू शकतात. शाळा म्हणून ही गोष्ट आम्हाला फार गंभीर वाटते.

शरीराच्या प्रतिकारशक्तीवरही परिणाम होतो. १९९५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगाची सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि अशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया यांच्या हातावर सारखीच छोटी जखम करून ती भरण्याचे दिवस मोजले. सेवा करणाऱ्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले. हा परिणाम एकट्या झोपेचा नव्हता, दीर्घकाळच्या ताणाचा होता. पण असा ताण आणि मोडलेली झोप बहुधा हातात हात घालूनच येतात. सततच्या अपुऱ्या झोपेचा संबंध रक्तदाब, मधुमेह, वजनवाढ आणि खिन्नता यांच्याशीही आढळला आहे.

ही चिन्हे ओळखा

घरातील सेवा करणाऱ्या व्यक्तीमध्ये पुढीलपैकी काही गोष्टी दोन-तीन आठवडे दिसत असतील, तर तो स्वभाव बदलला असे समजू नका: छोट्या गोष्टीवर चिडणे आणि मग रडू येणे, दूध उतू जाणे किंवा नळ चालू राहणे असे वारंवार होणे, बसल्या बसल्या डुलकी लागणे, वेळ मिळूनही रात्री झोप न लागणे, जेवणावरची वासना उडणे किंवा सतत काहीतरी खात राहणे, स्वतःची औषधे आणि तपासण्या टाळणे, मैत्रिणी, भिशी, भजनी मंडळ हळूहळू सुटणे.

आणखी एक चिन्ह कोणी बोलून दाखवत नाही. ज्याची सेवा करतो त्याच्यावरच राग येतो, आणि त्या रागाची लाज वाटते. पालकहो, याने कोणी वाईट सून किंवा वाईट मुलगा ठरत नाही. झोप नसलेल्या मेंदूला राग आवरणे अवघड जाते. या रागाची लाज बाळगण्यापेक्षा त्याच्याकडे मदत मागण्याची वेळ झाल्याची खूण म्हणून पाहावे.

आधी रुग्णाची रात्र सुधारा

रुग्ण रात्री का उठतो, हे प्रथम शोधावे. पुष्कळ कारणांवर उपाय असतात, पण डॉक्टरांकडे गेल्यावर आपण फक्त बीपी आणि साखरेचे बोलतो, रात्रीचे बोलतच नाही. एक वही करा. सात दिवस रुग्ण किती वाजता उठला, कशासाठी उठला, पुन्हा कधी झोपला, एवढेच लिहा. ती वही डॉक्टरांना दाखवा आणि हे विचारा:

१. रात्री वारंवार लघवी होते. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तिची वेळ सकाळी करता येईल का? संध्याकाळनंतर पाणी किती द्यावे? पायांवर सूज असेल तर दुपारी पाय उंच ठेवून झोपवल्याने फायदा होतो. कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका किंवा त्याची वेळ बदलू नका.

२. दुखण्यामुळे झोप मोडते का? स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला दुखते हे सांगता येत नाही, तो फक्त अस्वस्थ होतो. बद्धकोष्ठ, दात, सांधे, लघवीतील जंतुसंसर्ग, सर्व तपासायला सांगा. एक-दोन दिवसांतच रुग्ण एकदम बरळू लागला किंवा ओळखेनासा झाला, तर 'वयामुळे' म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

३. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायला सांगतात. हवेची गादी वापरल्यास रात्री हे अंतर वाढवता येईल का, हे डॉक्टरांना किंवा नर्सला विचारा. ही गादी भाड्यानेही मिळते.

४. स्मृतिभ्रंशाचे काही रुग्ण संध्याकाळ होताच बेचैन होतात, "मला घरी जायचंय" म्हणतात. अंधार पडण्याआधीच दिवे लावावेत, टीव्हीचा गोंगाट कमी करावा. सकाळी ऊन मिळेल असे बसवावे, दुपारची झोप लांबू देऊ नये, दुपारनंतर चहा देऊ नये.

पलंगाजवळ रात्री वापरायचे भांडे किंवा कमोडची खुर्ची ठेवा, वाटेत मंद दिवा ठेवा आणि रुग्णाच्या हाताशी एक बिनतारी घंटी द्या. बाजारात ती फार महाग मिळत नाही. घंटी वाजली तरच उठायचे, असे ठरले की कान राखण्याचे काम कमी होते. मात्र रुग्णाला घंटी वाजवता येत असेल तरच तिच्यावर विसंबावे.

रात्र वाटून घ्या

या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: *सेवा करणाऱ्याला रोज किमान साडेचार-पाच तासांची अशी सलग झोप मिळाली पाहिजे, ज्या वेळात जबाबदारी दुसऱ्याची आहे.* एवढ्या वेळात झोपेच्या तीन फेऱ्या पूर्ण होतात आणि गाढ झोपेचा मोठा भाग पदरात पडतो. बाकीची झोप दिवसा किंवा पाळी संपल्यावर जोडून घेता येते.

समजा घरात आई, वडील, महाविद्यालयात जाणारा मुलगा आणि दहावीतील मुलगी आहे, आणि आजोबांना पक्षाघात झाला आहे. मुलगा तसाही साडेबारापर्यंत जागतो. त्याने रात्री साडेनऊ ते अडीच ही पाळी घ्यावी. आई साडेनऊलाच दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपेल. अडीचनंतर ती उठेल आणि मुलगा सकाळी साडेआठपर्यंत झोपेल. आठवड्यातील दोन रात्री वडील पूर्ण पाळी घेतील, शुक्रवार आणि शनिवार, म्हणजे निदान रविवारी त्यांना विश्रांती मिळेल. त्या दोन रात्री आईने फक्त झोपायचे. दहावीतील मुलीला रात्रीची पाळी नाही. ती संध्याकाळी सहा ते सात आजोबांजवळ बसेल, पेपर वाचून दाखवेल. त्या तासात आई घराबाहेर जाऊन फिरून येईल.

हे वेळापत्रक फ्रिजवर लावा. तोंडी ठरलेले चार दिवसांत मोडते. पाळीवर नसलेल्याने दुसऱ्या खोलीतच झोपावे, कारण त्याच खोलीत झोपले तर कान पुन्हा राखले जातात. रात्रीची औषधे संध्याकाळीच, पूर्ण जागेपणी, खणांच्या डबीत काढून ठेवा. मध्यरात्री औषध देताना मोठा दिवा लावून नाव वाचा, मगच द्या.

बाहेरगावची भावंडेही यात आहेत. पुण्याच्या भावाला रात्री उठता येणार नाही, पण आठवड्यातून दोन रात्रींच्या बाईचा पगार तो देऊ शकतो. अमेरिकेतील बहिणीकडे दिवस असतो तेव्हा आपल्याकडे रात्र असते. डॉक्टरांच्या वेळा घेणे, विम्याचे कागद, औषधे मागवणे ही कामे ती फोनवरून करू शकते. 'तब्येत कशी आहे?' या रोजच्या फोनबरोबर 'मी यातलं काय करू?' हेही विचारले गेले पाहिजे.

दिवसा काय करावे

दुपारी तीनच्या आत वीस-तीस मिनिटांची डुलकी घ्यावी, गजर लावून. सकाळी पंधरा-वीस मिनिटे गच्चीत किंवा अंगणात उन्हात उभे राहावे. त्याने शरीराचे घड्याळ ठिकाणावर राहते. कॅफिनचे अर्धे प्रमाण उतरायलाच साधारण पाच-सहा तास लागतात, म्हणून चारनंतरचा चहा टाळावा. इंदुरी माणसाला हे सांगणे म्हणजे थोडे धाडसच आहे, तरी सांगतो. रात्री रुग्णासाठी उठलात तर परतताना मोबाईल पाहू नका. पाच मिनिटांचा एक तास होतो.

झोपेच्या गोळ्या मैत्रिणीकडून किंवा दुकानातून घेऊन खाऊ नका. रात्री उठावे लागणाऱ्याने अशी गोळी घेतली तर पडण्याचा आणि चुकीचा धोका वाढतो. वेळ असूनही झोप येत नसेल, आणि असे आठवड्यातून तीन-चार वेळा, काही महिने चालले असेल, तर डॉक्टरांना सांगा. अशा जुन्या निद्रानाशावर गोळीच्या आधी सवयी आणि विचार बदलण्याची समुपदेशन पद्धती वापरावी, अशी अमेरिकेतील वैद्यांच्या महाविद्यालयाची २०१६ पासूनची शिफारस आहे.

मनावर भार असेल तर भारत सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ज्येष्ठ नागरिकांच्या अडचणींसाठी एल्डर लाईन आहे, क्रमांक १४५६७. तिथे घरच्या माणसांनाही चौकशी करता येते. जगण्यात अर्थ उरला नाही असे वाटू लागले, तर उद्याची वाट पाहू नका, लगेच जवळच्या माणसाला सांगा आणि फोन करा.

काही नेहमीचे आक्षेप

"आईंना माझ्याशिवाय कोणाच्या हातचं चालत नाही." हे खरे असते, पण पहिल्या आठवड्यापुरतेच. नव्या माणसाला आधी दिवसा, तुम्ही घरात असताना, एक-एक काम द्या. जेवण भरवणे, मग अंग पुसणे, मग रात्र. तुम्ही स्वतः आजारी पडलात तर हा बदल एका दिवसात करावा लागेल, तो आताच सावकाश झालेला बरा.

"लोक काय म्हणतील, सासूसाठी बाई ठेवली!" लोक रात्री तीन वाजता येऊन कूस बदलून देत नाहीत. बाई ठेवणे म्हणजे सेवा सोडणे नव्हे. चार तास झोपून उठलेली सून सासूबाईंशी जास्त प्रेमाने बोलेल, आणि रुग्णाला औषधाइतकीच त्याचीही गरज असते.

"एवढा पैसा कुठून आणणार?" हा आक्षेप मात्र खरा आहे. रोजची बाई सर्वांना परवडत नाही. अशा वेळी आठवड्यातील एक रात्रही मोलाची आहे. शेजारी, मामा, मंडळातील माणसे यांना मोघम 'मदत करा' म्हटले तर कोणाला काय करावे ते कळत नाही. 'गुरुवारी दुपारी दोन ते चार बाबांजवळ बसाल का, मी झोपेन,' असे म्हटले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

आणि पुरुष पालकांसाठी एक शब्द. "सकाळी मला ऑफिस आहे" हे कारण खरे आहे. पण घरी असणाऱ्या व्यक्तीलाही सकाळी सहाला डबा, शाळेची तयारी आणि रुग्णाचे सर्व काही असते. तिला रजा नाही, रविवार नाही. आठवड्यातील दोन रात्री घेणे म्हणजे तिच्यावर उपकार नव्हेत. ते तुमचेही आईवडील आहेत.

शाळेची विनंती

घरात असा दीर्घ आजार असेल तर वर्गशिक्षकांना दोन ओळींचे पत्र द्यावे. आजाराचा तपशील नको. मूल सकाळी थकलेले दिसले तर त्याला रागावले जाणार नाही, गृहपाठाला मुदत मिळेल आणि चाचणी हुकली तर ती पुन्हा घेतली जाईल, एवढे आम्ही पाहू. मुलांनी आजी-आजोबांची सेवा जरूर करावी. त्यातून ती जे शिकतात ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. पण रात्रीची जागरणे त्यांच्या वाट्याला येऊ देऊ नका. ज्या घरात हे टाळणे शक्यच नाही, त्यांनी तर आम्हाला अवश्य भेटावे. मिळून मार्ग काढू.

सेवा संपल्यानंतरही झोप लगेच परत येत नाही, हेही सांगून ठेवतो. रुग्ण गेल्यावर कित्येक महिने माणूस ठरलेल्या वेळी, दोन वाजता, जागा होतो. घर शांत असते आणि कान अजून राखलेले असतात. अशा व्यक्तीला 'आता तरी आराम कर' म्हणून सोडून देऊ नये. तिच्याजवळ बसावे, सकाळी तिला फिरायला न्यावे.

ज्यांच्या घरी आज कोणी आजारी नाही, त्यांनी आपल्या ओळखीतले एक घर आठवावे, जिथे कोणी रात्री जागते आहे. त्या व्यक्तीला फोन करून एक दुपार मागून घ्यावी, आणि तिला झोपू द्यावे.



— मुख्याध्यापक